दारातले कुंपण किती पाणी पिते?

वाळूज, चिकलठाणा किंवा रेल्वे स्टेशनजवळच्या औद्योगिक वसाहतीत शेडांपुढे नेहमी दिसणारा देखावा आहे. शेड उभारताना हौसेने पिवळी ड्युरांटा लावलेली, कोपऱ्यात फायकस. चार-पाच वर्षांत दुकानाची पाटी झाकली जाते, टेम्पो वळवताना फांद्या घासतात आणि फायकसची मुळे भिंतीत व पाइपात शिरतात. ड्युरांटाला तर उन्हाळ्यातही वरचेवर कात्री आणि पाणी लागते.

आपल्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, पिण्याचे पाणी जायकवाडीहून उचलून आणावे लागते. 2016 च्या दुष्काळात इथल्या खंडपीठाच्या आदेशाने कारखान्यांच्याही पाण्यात कपात झाली होती. अशा गावात टँकर विकत घेऊन कुंपण जगवणे हा व्यवहार नव्हे.

व्यापारी बंधूंनी रोप घेताना ते आज कसे दिसते यावर जाऊ नये. पूर्ण वाढल्यावर केवढे होईल आणि वर्षात किती वेळा छाटावे लागेल, हे माळ्याला आधी विचारावे.

आमच्या मते दर्शनी बाजूला मेंदीला तोड नाही. कमी पावसात आणि हलक्या जमिनीत ती तग धरते, वर्षातून दोन छाटण्यांत आटोक्यात राहते. छाटलेला पाला वाळवून घरी वापरता येतो. अत्तरवाल्यांना सांगायला नको की गुलहिना याच फुलांचे. मात्र सारखी कात्री चालवली तर फूल दिसणार नाही. रोपे एक-दीड फुटावर लावावीत.

मागच्या बाजूला, जिथे जनावरे घुसतात, तिथे करवंद लावावे. काटे राखण करतात आणि लोणच्याला फळ मिळते. मुरमातही ते येते. सावलीच्या भिंतीलगत अडुळसा बरा. त्याला शेळी तोंड लावत नाही आणि आपल्या मोहल्ल्यांत ही काही लहान गोष्ट नाही. कण्हेर पाण्यावाचून टिकते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी, म्हणून मुले आणि बकऱ्या असतील तिथे नको. बोगनवेल काटक खरी, पण कापडाचे गठ्ठे जात-येत असतील त्या दारात तिचे काटे नुकसान करतील. कोणी कोनोकार्पस सुचवला तर नकार द्यावा. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

जुनी झुडपे मे महिन्यात मुळासकट काढावीत, खड्डे उन्हात तापू द्यावेत आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर लागवड करावी. पहिला उन्हाळा मात्र पाणी द्यावेच लागेल. बुंध्याशी पालापाचोळा पसरला तर ते कमी पुरते.

फायकसचे झाड झाले असेल तर परस्पर कुऱ्हाड घालू नये. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे महापालिका हद्दीत वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज उन्हाळ्याआधीच द्यावा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी जागा मोकळी होईल.