तगर कोठे होते?

पुष्कळ विद्यार्थ्यांना इतिहास म्हणजे सनावळ्यांचा आणि राजांच्या नावांचा साठा वाटतो. परीक्षेपुरता तो पाठ करावयाचा आणि मग विसरून जावयाचे, असा त्यांचा क्रम असतो. परंतु प्रत्येक विधान वाचताना 'हे कशावरून?' असे विचारण्याची सवय लागली, म्हणजे हाच विषय मोठा मनोवेधक होतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाचेच उदाहरण घेऊ.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत समुद्रव्यापाराची माहिती देणारे एक पुस्तक लिहिले गेले. 'पेरिप्लस' या नावाने ते ओळखले जाते. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे व तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जाते, असे त्यात म्हटले आहे. पुढे शिलाहार राजांनीही 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद मिरविले. तेव्हा असे नगर होते, यात संशय नव्हता. पण ते कोठे होते? कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर, तर कोणी धारूर.

१९०१ साली फ्लीट या विद्वानाने तगर म्हणजेच तेर, असे प्रतिपादन केले. बोलण्याच्या ओघात 'तगर' शब्दातील 'ग' लोपून 'तेर' हे रूप झाले आणि पैठणपासूनचे अंतरही जुळते, असे दिसून आले. मात्र तेर हे पैठणच्या नेमके पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. लिखित साधन कितीही जुने असले, तरी ते पारखूनच घ्यावे लागते. अशा वेळी दुसरा साक्षीदार शोधावा लागतो.

तेरला हा साक्षीदार भूमीने दिला. तेरणा नदीच्या काठी असलेल्या या गावाच्या पांढरीतून सातवाहनांची नाणी, मणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती आणि रोमन धर्तीच्या वस्तू निघाल्या. १९५८ साली येथे उत्खननही झाले. तेर येथील एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई नगरात सापडलेल्या भारतीय मूर्तीशी साम्य आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेव्हा तेथील मूर्ती त्यापूर्वीचीच असली पाहिजे. ती तेरहूनच गेली, असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही. परंतु भारताचा त्या दूरदेशाशी व्यापार होता, हे निश्चित. पुरावा जेवढे सांगतो तेवढेच म्हणावे, हा इतिहासाचा नियम आहे.

या वस्तू टिकल्या कशा? तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात व परिसरात सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे जमवून जपल्या. पुढे हा संग्रह शासनाच्या स्वाधीन झाला. तेरच्या संग्रहालयास त्यांचेच नाव आहे.

धाब्याच्या घरांसाठी पांढरी माती खणताना अशी कितीतरी खापरे फुटून नाहीशी झाली असतील! फाटलेले पुस्तक पुन्हा छापता येते; उकरून टाकलेला मातीचा थर पुन्हा रचता येत नाही. म्हणून तुमच्या गावी वीरगळ, शिलालेख किंवा जुने नाणे दृष्टीस पडले, तर त्यास रंग फासू नका, ते उचलून नेऊ नका. ते कोठे व कसे आढळले, हे वहीत टिपून शिक्षकांस कळवा. जागेवरून हललेली वस्तू अर्धी मुकी होते.