पाण्यावरचं विमान, तेही आपल्या मालकीचं!

जुनं फ्लोट-प्लेन घ्यायचं, त्याला नवं इंजिन बसवायचं आणि वीकेंडला थेट नागावच्या समुद्रात उतरायचं. ऐकायला सही वाटतं ना? मग हिशेबही ऐका.

शुक्रवार संध्याकाळ. मांडव्याची बोट चुकलेली, वडखळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकलेली आणि ग्रुपवर मित्राचा मेसेज, ‘पोहोचलात का?’ अशा वेळी कुणाच्याही मनात येतं की बॉस, आपलं स्वतःचं विमान हवं होतं! पवई तलावावरून उडायचं (डोक्यावर मुंबई विमानतळाची गर्दी आहे, हे तूर्तास विसरा), वीस-बावीस मिनिटांत नागावला उतरायचं आणि सुरूच्या बनात पाय पसरून बसायचं.

हे अगदीच हवेतले इमले नाहीत. सिअॅटल किंवा व्हँकुव्हरला राहणारं एखादं भावंड आपल्यापैकी बऱ्याच जणांना असतं. त्यांना विचारा. सिअॅटलमध्ये अॅमेझॉनच्या ऑफिसांपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर लेक युनियन आहे. तिथून लोक रिक्षात बसावं तसं फ्लोट-प्लेनमध्ये बसतात. आणि त्यातली काही विमानं चक्क आपल्या आजोबांच्या काळातली असतात.

हा बीव्हर कोण?

या दुनियेतला सुपरस्टार म्हणजे डी हॅविलँड कॅनडाचं डीएचसी-२, टोपणनाव ‘बीव्हर’. त्याचं पहिलं उड्डाण टोरांटोजवळ झालं, तारीख १६ ऑगस्ट १९४७. आपला देश स्वतंत्र झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी!

जंगलात, तलावांवर विमान चालवणाऱ्या पायलटांना कंपनीने आधी विचारलं की तुम्हाला काय हवंय. उत्तरं एकदम प्रॅक्टिकल आली. म्हणून बीव्हरची दारं तेलाचं पिंप आत जाईल एवढी रुंद आहेत. इंजिनात ऑइल भरायची सोयही कॉकपिटमध्येच आहे, म्हणजे कडाक्याच्या थंडीत बाहेर उतरायला नको. १९६७ पर्यंत अशी १,६५७ विमानं बनली आणि त्यातली निम्म्याहून जास्त अमेरिकन सैन्याने घेतली. ती सैन्यातून निवृत्त झाल्यावर सिअॅटलजवळच्या केनमोर एअरसारख्या कंपन्यांनी विकत घेऊन नव्यासारखी केली. हॅरिसन फोर्डचा १९५५ सालचा लाडका बीव्हरही तिथेच नव्याने उभा राहिला.

बीव्हरचा थोरला भाऊ ‘ऑटर’ तर आपल्या हवाई दलातही होता. १९५०च्या दशकाच्या अखेरीस आलेली ही विमानं ४१ स्क्वॉड्रनने डोंगराळ भागातल्या छोट्या धावपट्ट्यांवर वर्षानुवर्षं चालवली. फ्लोटवर नव्हे, चाकांवर. पण जातकुळी तीच.

अपग्रेडचा फंडा

जुनी बुलेट घेऊन मॉडिफाय करणारे मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असतीलच. इथेही किडा तोच, फक्त बिलाला शून्यं जास्त.

मूळ बीव्हरला प्रॅट अँड व्हिटनीचं नऊ सिलिंडरचं, ४५० हॉर्सपॉवरचं रेडियल इंजिन असतं. आवाज असा की अंगावर काटा यावा! पण या इंजिनांचं उत्पादन १९५३ मध्येच थांबलं. त्याला अॅव्हगॅस लागतं, तेही तासाला ८०-९० लिटर. म्हणून पैसेवाला मालक पहिला बदल करतो तो टर्बाइनचा. टर्बाइन वजनाला हलकं, आणि त्याचं इंधन कुठल्याही मोठ्या विमानतळावर मिळतं. त्यानंतर तीन पात्यांचा पंखा, काचेच्या स्क्रीनवाला कॉकपिट, जीपीएस, वाढवलेली केबिन, नवे फ्लोट... यादी संपत नाही. मात्र यातलं काहीही गल्लीतल्या मेकॅनिककडून परस्पर करून घेता येत नाही. प्रत्येक मोठ्या बदलाला विमान प्राधिकरणाची वेगळी मंजुरी लागते.

सगळ्यात भन्नाट अपग्रेड १० डिसेंबर २०१९ रोजी व्हँकुव्हरजवळ झालं. हार्बर एअरने साठी ओलांडलेल्या बीव्हरमधलं पेट्रोल इंजिन काढून ७५० हॉर्सपॉवरची इलेक्ट्रिक मोटर बसवली, आणि तो उडालाही! ऑगस्ट २०२२ मध्ये याच विमानाने ७२ किलोमीटर अंतर २४ मिनिटांत पार केलं. पवई ते नागाव हवाई अंतर यापेक्षा कमीच भरेल.

आणि आता नागाव

इथवर मीही फुल टू प्रेमात होते. मग नागावला गेले आणि जिथे उतरले होते त्या वाडीच्या मालकांना, म्हणजे काकांना, माझी आयडिया ऐकवली. ते सुपाऱ्या निवडत होते. हात न थांबवता म्हणाले, “पोरी, इथे नव्या फ्रिजचे पाय दोन वर्षांत गंजतात. तू विमान आणतेयस?”

एका वाक्यात विषय क्लिअर!

विमान म्हणजे अॅल्युमिनियम, आणि अॅल्युमिनियमचा वैरी म्हणजे खारं पाणी. समुद्रात उतरणारं विमान दिवस संपला की गोड्या पाण्याने धुवावं लागतं. टर्बाइन असेल तर तेही आतून धुवायचं. फ्लोट आतून पोकळ असतात आणि त्यांत पाणी शिरू नये म्हणून वेगवेगळे कप्पे असतात. तरी थोडं पाणी झिरपतंच, म्हणून रोज सकाळी उडण्याआधी हातपंपाने प्रत्येक कप्पा उपसायचा. विमान उडो न उडो, गंज सुट्टी घेत नाही.

मग लाटा. छोटं फ्लोट-प्लेन फूट-दीड फुटाच्या लाटा कशाबशा झेलतं, आणि नागावचा किनारा तर उघडा आहे. बरं, समुद्र अगदी आरशासारखा शांत झाला तरी पंचाईतच! पाणी नेमकं किती खाली आहे, हे पायलटच्या डोळ्यांना कळत नाही. शिवाय फ्लोटला ब्रेक नसतो. इंजिन चालू झालं की विमान निघालंच.

भरती-ओहोटीचं गणित तर या किनाऱ्यावरच्या शाळकरी पोरांनाही येतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जातात आणि भरतीला होडीने. नागावलाही पाणी लांबवर मागे हटतं. सकाळी पाण्यात बांधलेलं विमान दुपारी वाळूवर बसलेलं सापडेल. त्यासाठी आडोशाची खाडी हवी, म्हणजे दक्षिणेला रेवदंड्याची, नाहीतर उत्तरेला मांडव्यासारखा बांध घातलेला धक्का. पावसाळ्यात मात्र सगळंच बंद. त्या दिवसांत कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढतात, शाकारून ठेवतात, डागडुजी करतात आणि नारळी पौर्णिमेची वाट बघतात. जून-जुलैला यांत्रिक मासेमारीवर बंदीच असते. फ्लोट-प्लेनच्या मालकाचं कॅलेंडर नाखव्याच्या कॅलेंडरपेक्षा फार वेगळं नसेल!

आणि खरी गोची पुढेच आहे. विमान उतरायला पाण्याची लांबलचक, मोकळी पट्टी लागते. पण इथलं पाणी काही मोकळं नाही. रायगडच्या किनाऱ्यावर डोल जाळी लावतात, ती खुंटांना बांधलेली असतात. आपला वीकेंड हा त्यांचा कामाचा दिवस असतो. माझ्या वीस मिनिटांच्या हौसेसाठी कुणी रोजची जाळी हलवायची का, याला ‘हो’ म्हणायची माझी तरी हिंमत झाली नाही.

आपल्याकडे कुणी करून पाहिलं?

पाहिलं की! ऑगस्ट २०१४ मध्ये जुहूहून अॅम्बी व्हॅलीला सी-प्लेन सुरू झालं, पण ती सेवा टिकली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये स्पाइसजेटने गिरगाव चौपाटीसमोर चाचणी करून दाखवली. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी साबरमती ते केवडिया सेवा सुरू झाली. त्यासाठी मालदीवहून आणलेलं ट्विन ऑटर १९७१ सालचं होतं, म्हणजे अस्सल व्हिंटेज. महिना होतो न होतो तोच ते देखभालीसाठी परत मालदीवला गेलं, आणि एप्रिल २०२१ पासून ती सेवा बंदच पडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विजयवाडा-श्रीशैलम आणि कोची-मट्टुपेट्टी या मार्गांवर पुन्हा प्रात्यक्षिकं झाली.

यातून एक गोष्ट कळते. विमान आणणं सोपं, ते सांभाळणारे हात जवळपास असणं अवघड. मालदीवमध्ये ट्विन ऑटर चालतात, कारण तिथे त्यांचे ताफे आहेत आणि मेकॅनिक, सुटे भाग, गोड्या पाण्याचे पाइप सगळं धक्क्यावरच आहे. सिअॅटललाही तेच. जुनं विमान मालकाच्या पैशावर कमी आणि मेकॅनिकच्या हातावर जास्त जगतं.

आणि कागदपत्रं? कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’त सगळ्यांनी पाहिलं, पण नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडला. ते आकाशात झेपावलं २०२० मध्ये, धुळ्याला. आपल्या देशात स्वतःचं विमान हवं असेल तर पैशाआधी चिकाटी लागते, एवढं यातून शिकायचं.

मग करायचं काय?

खरं सांगू? घेऊ नका. निदान नागावला ठेवण्यासाठी तरी नका. चांगल्या स्थितीतला बीव्हर आजही काही लाख डॉलरला जातो, आणि ती फक्त सुरुवात असते. शिवाय इथे आणलात तर तो उडण्यापेक्षा जास्त वेळ गंजेल. सत्तर वर्षं कुणी ना कुणी जपलेल्या यंत्राशी असं वागणं बरं नव्हे.

पण किडा मारू नका! तीन सोप्या पायऱ्या:

• आधी प्रायव्हेट पायलट लायसन्स. वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत आणि किमान ४० तासांचं उड्डाण. ऑफिसमधली सुट्टी साठवायला आजपासून सुरुवात करा.

• मग परदेशात सी-प्लेन रेटिंग. फ्लोरिडातल्या विंटर हेवनला जॅक ब्राउन्स सी-प्लेन बेसवर जुन्या पायपर कब विमानांवर शिकवतात. लायसन्स आधीच असेल तर हा मोजक्या दिवसांचा कोर्स आहे.

• तेवढं बजेट नसेल तर व्हँकुव्हर, सिअॅटल किंवा मालदीवला एक तिकीट काढा. शक्य असेल तर पुढची सीट मागा. फ्लोट पाण्यावरून सुटतात तो क्षण तिथून दिसतो.

आणि नागावला जायचंच असेल तर रो-रो आहे, एसटी आहे. काकांच्या वाडीत खोली मिळते. फक्त फ्रिजबद्दल विचारू नका, तिसरा आणावा लागलाय म्हणे.