बाळंतपण नाही, तरी दूध येतं का? पद्धत निवडण्याआधी कॅलेंडर बघा

कधीच गरोदर न राहिलेली बाई दत्तक घेतलेल्या किंवा सरोगसीने झालेल्या बाळाला अंगावर पाजू शकते का? बऱ्याचदा हो. पण बाळाचं पोट फक्त त्याच दुधावर भरेल का? बहुतेकींच्या बाबतीत नाही. या दोन उत्तरांच्या मधे जी जागा आहे तिथे निर्णय घ्यायचा असतो, म्हणून आज तो नीट सोडवून बघू.

शरीर काय करतं?

गरोदरपणात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि वारेतून येणारी संप्रेरकं स्तनांतल्या दूधग्रंथी वाढवतात. पण प्रोजेस्टेरॉन चढं असेपर्यंत दूध जोरात सुरू होत नाही. वार पडली की ते एकदम घसरतं, प्रोलॅक्टिनला वाट मोकळी होते आणि दोन-तीन दिवसांत दूध भरून येतं. पुढचा सगळा कारभार मागणी-पुरवठ्याचा: जितकं दूध बाहेर निघेल तितकं नवं तयार होतं. बाळ ओढू लागलं की ऑक्सिटोसिन स्रवतं, त्यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो.

गंमत अशी की प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन ही दोन्ही मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून रक्तात येतात, गर्भाशयातून नाही. त्यामुळे स्तनांना वारंवार चालना मिळाली तर बाळंतपणाशिवायही ही साखळी सुरू होऊ शकते. पापुआ न्यू गिनीमधल्या ३७ स्त्रियांवरचा अभ्यास १९९४ मध्ये छापून आला, त्यात बहुतेकींना दूध आलं.

तीन वाटा

पहिली वाट औषधांची. कॅनडातले डॉ. जॅक न्यूमन आणि लेनोर गोल्डफार्ब यांच्या नावाने ती ओळखली जाते. बाळ येण्याच्या साधारण सहा महिने आधी गर्भनिरोधक गोळ्या आणि डॉम्पेरिडोन सुरू करायचं, म्हणजे गरोदरपणाची नक्कल होते. शेवटच्या सहा आठवड्यांत गर्भनिरोधक गोळ्या बंद करून पंप सुरू करायचा. ही वार पडण्याची नक्कल.

डॉम्पेरिडोन आपल्याला ॲसिडिटी-मळमळीच्या गोळ्यांमुळे ओळखीचं वाटतं, पण इथे जपून. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये दुधासाठी ते वापरू नका असा इशारा दिला. युरोपच्या नियामकाने २०१४ मध्ये हृदयाच्या ठोक्यांच्या धोक्यामुळे प्रौढांसाठी दिवसाला ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, आणि या पद्धतीतला डोस त्याहून बराच जास्त असतो. शिवाय रक्तात गुठळी झाल्याचा इतिहास, वाढलेला रक्तदाब किंवा ठरावीक प्रकारची अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालत नाहीत. म्हणून ईसीजी आणि तपासण्या झाल्याशिवाय, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय या वाटेला जाऊच नका.

दुसरी वाट औषधांशिवाय, फक्त पंप किंवा हाताने दूध काढण्याची. दिवसातून आठ-दहा वेळा, रात्रीसुद्धा, आणि तेही काही आठवडे. डोंबिवलीहून सीएसएमटीला नोकरीला जाणाऱ्या बाईने हे गणित प्रामाणिकपणे मांडावं. घर सोडल्यापासून परत येईपर्यंत दहा-अकरा तास सहज जातात. म्हणजे ऑफिसात निदान तीनदा पंप करायला बंद दाराची खोली हवी. हिरकणी कक्ष एसटी स्थानकांत दिसतात, तुमच्या ऑफिसात आहे का ते आधी विचारा.

तिसरी वाट नळीची. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बारीक फीडिंग ट्यूबचं एक टोक वाटीतल्या दुधात, दुसरं टोक स्तनाग्राशी. बाळ अंगावर ओढतं, पोटात वाटीतलं दूध जातं आणि स्तनांनाही चालना मिळते. पूर्वतयारी जवळजवळ शून्य. दूध आलं तर वाटीतलं हळूहळू कमी करायचं. नाही आलं तरी जवळीक कुठे जात नाही.

मग निवडायचं कसं?

इथे कॅलेंडर बोलतं. सरोगसीत बाळंतपणाची अंदाजे तारीख माहीत असते, त्यामुळे पहिल्या दोन वाटांना वेळ मिळतो. दत्तक प्रक्रियेत तसं नसतं. 'कारा'च्या यादीत थांबायला काही वर्षं लागतात, आणि मुलाची माहिती आली की होकार कळवायला हातात ४८ तास. डोंबिवलीच्या 'जननी आशिष'सारख्या संस्थेतून बाळ यायचं असो की दूरच्या राज्यातून, ते कधी येईल हे आधी ठरत नाही. त्या अंदाजावर सहा महिने गोळ्या घेणं अवघडच.

दुसरी गोष्ट बाळाच्या वयाची. जन्मदात्या पालकांनी मूल सोपवलं तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्यामुळे दत्तक बाळ घरी येतं तेव्हा सहसा दोन महिन्यांहून मोठं आणि बाटलीला सरावलेलं असतं. अंगावर ओढायला आठ आठवड्यांच्या आतली बाळं जास्त सहज तयार होतात. मोठं बाळ तोंड फिरवू शकतं, तो तुमचा नकार नव्हे. बहुतेक दत्तक आयांसाठी मला म्हणूनच तिसरी वाट, जमेल तितक्या दुसरीसह, जास्त व्यवहार्य वाटते.

शतावरी आणि मिल्क बँक

शतावरी कल्प घेऊ का, हे घरातल्या सासूबाई-आत्याबाई विचारणारच. दूध कमी असलेल्या आयांवर शतावरीची चाचणी 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये १९९६ साली आली होती, तिच्यात फायदा दिसला नाही. निदान तिच्या भरवशावर बाळाचं वरचं दूध कमी करू नका. शीव रुग्णालयात १९८९ पासून मिल्क बँक आहे, पण तिथलं दूध प्रामुख्याने अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी असतं.

मोजायचं काय?

पहिल्या काही महिन्यांत बाळाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १५० मिलिलिटर दूध लागतं. चार किलोच्या बाळाला ६०० मिलिलिटर. तुम्हाला १०० आलं तर उरलेलं ५०० बाळरोगतज्ज्ञांनी सांगितलेल्या पावडरच्या दुधाचं, नळीने, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यायचं. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू आणि नियमित वाढणारं वजन हे दोन आकडे बघत राहा. वजन अडकलं तर वरचं दूध त्याच दिवशी वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी नवरा-बायकोने एक प्रश्न घरीच सोडवून जावं: आपल्याला किती दूध हवंय, की बाळाला छातीशी घेऊन पाजणं हवंय? दुसरं हवं असेल तर त्यासाठी एक थेंबही यायची गरज नाही.