कार्ड एवढंसं, किंमत कोटींत!

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण पोस्टाची तिकिटं, काडेपेट्यांचे छाप, नाणी जमवत असतील. परवा आमच्या वर्गात एकानं आजोबांचा भोकाचा पैसा आणला आणि विचारलं, "बाई, वस्तू जितकी दुर्मीळ, तितकी महाग ना?" मी हो म्हणणार होते, तेवढ्यात मला अमेरिकेतली दोन कार्डं आठवली.

आपल्याकडे जसं क्रिकेटचं वेड, तसं तिकडे बेसबॉलचं. खेळाडूंची चित्रं असलेली कार्डं तिथली मुलंच काय, मोठी माणसंही जमवतात.

पहिलं कार्ड होनस वॅग्नरचं. १९०९ ते १९११ या काळात एक तंबाखू कंपनी सिगारेटच्या पाकिटात अशी कार्डं घालत असे. वॅग्नरचं कार्ड मात्र लवकरच बंद झालं. मुलांनी कार्डासाठी तंबाखू घ्यावी हे त्याला पसंत नव्हतं, असं सांगतात. कुणी म्हणतं, त्याला मोबदला हवा होता. काही असो, त्याची आज साठेक कार्डंच ठाऊक आहेत.

दुसरं मिकी मँटलचं, टॉप्स कंपनीनं १९५२ मध्ये काढलेलं. ते हंगाम सरता सरता बाजारात आलं, म्हणून गठ्ठेच्या गठ्ठे पडून राहिले. कंपनीतले साय बर्गर सांगत, की १९६० मध्ये उरलेली कार्डं चक्क समुद्रात बुडवली! तरीही मँटलची हजाराहून जास्त कार्डं शिल्लक आहेत.

आता गंमत बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये ही दोन्ही कार्डं विकली गेली. वॅग्नरला मिळाले साडेबहात्तर लाख डॉलर, आणि मँटलला एक कोटी सव्वीस लाख! असं का? परीक्षक कार्डाला दहापैकी गुण देतात. त्या मँटलला साडेनऊ होते, वॅग्नरला फक्त दोन!

आणखी एक. मँटलचं कार्ड त्याच्या गटातल्या बहुतेक कार्डांच्या दुप्पट छापलं होतं. म्हणजे शेजारची कार्डं जास्त दुर्मीळ. पण त्यांना मँटलइतकं गिऱ्हाईक नाही! पुढे १९९० च्या आसपास लोकांनी "उद्या महाग होतील" म्हणून खोकीच्या खोकी जपून ठेवली. सगळ्यांनीच जपली, म्हणून आज त्यांतल्या बहुतेकांना कवडीची किंमत नाही.

तेव्हा तीन प्रश्न विचारायचे: वस्तू किती उरल्यात? कशा स्थितीत आहेत? आणि हव्यात किती जणांना?

चौथा प्रश्न खरेपणाचा. १९९१ मध्ये एक वॅग्नर कार्ड ४ लाख ५१ हजार डॉलरला गेलं. ते नीटनेटकं दिसावं म्हणून आपण त्याच्या कडा कापल्या होत्या, असं पूर्वीच्या एका विक्रेत्यानं २०१३ मध्ये कबूल केलं!

हे ऐकून आमचा नाणेवाला गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "बाई, मी कालच ते चिंचेनं घासलंय."

मुलांनो, तुम्ही मात्र घासू नका हं! जुनी वस्तू आहे तशीच जपा, आणि ती कुणाची, कुठून आली, हे वहीत लिहून ठेवा.