“मॅडम, तुम्ही आमच्या वकील की त्यांच्या?”

आजचा भाग ऐकायला वेळ नसेल, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलता बोलता सांगितलंय, तसंच ठेवलंय.

मला नेहमी विचारतात, “तू नेमकी कसली वकील?” मी नगरपरिषदा, महामंडळं अशा सार्वजनिक संस्थांना नोकरी आणि कामगारांच्या प्रश्नांवर सल्ला देते. कुणाला निलंबित केलं, तर चौकशी नीट झाली का? संघटनेची नोटीस आली, तर उत्तर काय द्यायचं? रोजंदारीवरच्या माणसाने कायम करा म्हटलं, तर? कोर्टात उभं राहणं हा यातला छोटा भाग. खरं काम त्याआधीच, फाईल सहीला जाण्यापूर्वी होतं.

एक प्रसंग सांगते. एका नगरपरिषदेतून फाईल आली. पाणीपुरवठा विभागातले नऊ व्हॉल्व्हमन. पहाटे चार वाजता चावी फिरवून गावाला पाणी सोडणारी माणसं. बारा वर्षं रोजंदारीवर. त्यांनी औद्योगिक न्यायालयात तक्रार केली होती. साहेबांचं म्हणणं एका ओळीत होतं : “मॅडम, उमादेवी लावा आणि विषय संपवा.”

उमादेवी म्हणजे काय? २००६ साली सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी दिलेला निकाल. प्रकरण कर्नाटकातलं. कोर्ट म्हणालं, केवळ वर्षानुवर्षं काम केलं म्हणून सरकारी नोकरीत कायम होण्याचा हक्क मिळत नाही. भरती जाहिरात देऊन, सगळ्यांना समान संधी देऊन व्हायला हवी. आणि हे चूक नाही हं! तुमच्यापैकी कितीतरी जण अभ्यासिकेत बसून सरळसेवेची तयारी करताय. मागच्या दाराने भरती झाली, तर जागा तुमचीच जाते.

पण त्याच निकालाच्या ५३व्या परिच्छेदात आणखी एक गोष्ट आहे. मंजूर पदावर, पात्रता असलेली माणसं दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ काम करत असतील, कोर्टाच्या स्थगितीच्या आधाराशिवाय, आणि नेमणुकीत फक्त प्रक्रियेची त्रुटी असेल, तर त्यांना एकदाच संधी म्हणून कायम करण्याचा विचार करा, असं कोर्टाने सरकारला सांगितलं. हा परिच्छेद बऱ्याच कार्यालयांना आठवत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक गाठ आहे. आपल्याकडे अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१ चा कायदा आला. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब सांगते : कायम कामगाराचे फायदे द्यावे लागू नयेत, या हेतूने माणसांना वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरतं ठेवणं, ही अनुचित प्रथा. २००९ साली एसटी महामंडळाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की उमादेवी निकालामुळे औद्योगिक न्यायालयाचा याबाबतचा अधिकार संपत नाही. मात्र पदच अस्तित्वात नसेल, तर कायम करता येत नाही.

म्हणजे माझ्यासमोर प्रश्न दोन. पदं आहेत का? आणि हेतू काय होता?

आकृतिबंध मागवला. म्हणजे कुठल्या विभागात किती मंजूर पदं, त्याचा तक्ता. व्हॉल्व्हमनची पदं मंजूर होती आणि रिकामीही होती. मग हजेरीपट पाहिला. दर काही महिन्यांनी प्रत्येकाच्या नावापुढे एक दिवस कोरा. याला ‘तांत्रिक खंड’ म्हणतात. सलग सेवा दिसू नये म्हणून.

साहेब म्हणाले, “बघा, सेवा सलग नाहीच!”

मी पाणी सोडण्याची नोंदवही मागितली. हजेरीपटावर ज्या दिवशी मामा गैरहजर, त्याच दिवशी नोंदवहीत पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी त्यांची सही. गावाला पाणी आलं होतं. मामा कामावर होते. फक्त कागदावर नव्हते.

मी अभिप्राय लिहिला : हे प्रकरण लढू नका. रिक्त पदांवर सामावून घेण्याचा प्रस्ताव शासनाकडे पाठवा, कारण मंजुरी तिथूनच येणार. तेवढ्यात तो प्रश्न आला, “मॅडम, तुम्ही आमच्या वकील की त्यांच्या?”

मी म्हटलं, “मी नगरपरिषदेची वकील आहे, साहेब. तुमच्या खुर्चीची नाही.” उद्या निकाल विरोधात गेला, तर थकबाकी साहेबांच्या खिशातून जाणार नव्हती. ती लोकांच्या घरपट्टीतून जाणार होती. आणि जी नोंदवही मला मिळाली, ती समोरच्या वकिलालाही मिळणारच होती.

त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्याकडून हवा तसा अभिप्राय घेतला. पुढे हरले आणि थकबाकीही भरली. पण तोवर मामांचं वय उलटून गेलं होतं. कायमपणाचा आदेश त्यांना घरी बसल्यावर मिळाला. मी बरोबर ठरले, याचा आनंद मला अजून झालेला नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये ‘जग्गो’ प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच बजावलं : दीर्घकाळ राबवून घेतलेल्या माणसांविरुद्ध उमादेवी निकाल ढालीसारखा पुढे करू नका. त्यात केंद्रीय जल आयोगाच्या सफाई कामगार महिला होत्या.

आता तुमच्यासाठी. तुम्ही किंवा घरातलं कुणी सरकारी कार्यालयात रोजंदारीवर किंवा ठेकेदारामार्फत असेल, तर आजपासून तीन गोष्टी करा. नेमणुकीचा कागद, ओळखपत्र आणि पगारपत्रक यांचे फोटो जपून ठेवा. उमंग ॲपवर पीएफचं पासबुक बघत राहा. आणि तुमची सही असलेली प्रत्येक नोंद कुठल्या वहीत आहे, ते लक्षात ठेवा. ठेकेदाराने पगार बुडवला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ कार्यालयावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ती होती, २०२० च्या संहितेतही ठेवली आहे.

आणि कधी त्या खुर्चीत बसलात, तर वकिलाला “कसं जिंकायचं?” एवढंच विचारू नका. “आपलं बरोबर आहे का?” हे आधी विचारा.

भेटू पुढच्या भागात. तोवर कागद सांभाळा!