यकृतातील रक्तप्रवाहाचे गणित

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येते, उरलेले यकृत धमनीतून. निरोगी पेशींची भिस्त मुख्यतः पोर्टल शिरेवर असते. कर्करोगाची गाठ मात्र वाढताना आपले बहुतेक रक्त धमनीकडून ओढून घेते. रेडिओएम्बोलायझेशन हा उपचार या फरकावरच उभा आहे. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून मायक्रोकॅथेटर नावाची बारीक नळी यकृत धमनीच्या फांदीपर्यंत नेतात आणि तिच्यातून यट्रियम-९० हे किरणोत्सर्गी द्रव्य असलेले लाखो सूक्ष्म गोळे सोडतात. ते गाठीच्या बारीक वाहिन्यांत अडकतात.

काचेच्या गोळ्यांचा व्यास २० ते ३० मायक्रोमीटर असतो, रेझिनच्या गोळ्यांचा २० ते ६०. काचगोळे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही विकसित केले आहेत. यट्रियम-९०चे अर्धायुष्य ६४ तासांचे असून त्याचे बीटा कण ऊतीत सरासरी अडीच मिलिमीटर आणि फार तर ११ मिलिमीटर आत जातात. म्हणजे गोळा जिथे अडकला तिथेच त्याचा प्रभाव. वाट चुकून तो जठराच्या धमनीत शिरला, तर तिथे व्रण होतो.

म्हणून उपचाराआधी रंगीत तालीम होते. टेक्नेशियम-९९एम जोडलेले अल्ब्युमिनचे कण त्याच धमनीत सोडून ते कुठे जातात ते पाहतात. फुप्फुसांकडे किती गळती होईल, याचा अंदाज त्यातून बांधता येतो. गाठीतल्या वाटपाबाबत मात्र ही तालीम कधीकधी फसते. हे कण गोळ्यांसारखे एकसारखे नसतात आणि दुसऱ्या वेळी नळीचे टोक नेमके त्याच जागी येईल, याची खात्री नसते.

या टोकाच्या जागेला किती महत्त्व आहे, ते संगणकीय प्रतिरूपणाने दाखवले. रुग्णाच्या सीटी अँजिओग्राफीवरून धमन्यांचा त्रिमितीय आराखडा काढतात, त्याचे लाखो बारीक घटकांत विभाजन करतात आणि प्रत्येक घटकासाठी द्रवाचा प्रवाह सांगणारी नेव्हिए-स्टोक्स समीकरणे सोडवतात. हे प्रत्येक रुग्णासाठी नव्याने करावे लागते, कारण या धमन्यांची ठेवण माणसागणिक बदलते. शरीररचनाशास्त्रज्ञ मिशेल्स यांनी १९६६ साली तिचे दहा प्रकार नोंदवले होते. यकृत धमनीतला प्रवाह बहुतांशी स्तरीय असतो, त्याचे पदर एकमेकांत फारसे मिसळत नाहीत. पाटाच्या डाव्या कडेने वाहणारा पाचोळा डाव्याच चारीत शिरावा, तसा धमनीच्या छेदातल्या एका बाजूने सुटलेला गोळा ठरावीक फांदीतच जातो. दुभाजनाजवळ टोक काही मिलिमीटर सरकले तरी वाटप पालटू शकते. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील क्लेमेंट क्लाइनस्ट्रॉयर यांच्या गटाने याच आधारावर, छेदातल्या हव्या त्या बिंदूतून गोळे सोडणाऱ्या नळीची कल्पना मांडली. प्रत्यक्षात धडधडत्या धमनीत नळी अशी रोखून धरणे सोपे नाही.

खरी अडचण समीकरणांपेक्षा आराखड्याच्या टोकांना आहे. सीटीमध्ये अगदी बारीक फांद्या दिसत नाहीत, त्यामुळे आराखडा कुठेतरी तोडावा लागतो. आणि तोडलेल्या प्रत्येक टोकातून किती रक्त बाहेर पडते, हे संगणकाला बाहेरूनच सांगावे लागते. त्यासाठी त्या फांदीवर पोसल्या जाणाऱ्या यकृताचे आकारमान मोजतात आणि गाठीच्या ऊतीला निरोगी ऊतीपेक्षा जास्त वाटा देतात. हा वाटा चुकला, तर पुढचे सगळे गणित अचूक सोडवूनही उत्तर चुकते. शिवाय गोळे अडकत जातात तसा फांदीचा रोध वाढतो आणि रक्त दुसरीकडे वळते. रेझिनच्या एका गोळ्यात किरणोत्सर्ग थोडा असल्याने तेवढ्याच मात्रेसाठी त्यांची संख्या कितीतरी जास्त लागते. तिथे हा परिणाम सोडून चालत नाही.

उत्तर ताडून पाहण्याची सोय निसर्गानेच ठेवली आहे. यट्रियम-९०च्या दहा लाख विघटनांपैकी सुमारे ३२ वेळा पॉझिट्रॉन निर्माण होतो. एवढ्या क्षीण संकेतावरूनही पेट स्कॅन गोळ्यांचे प्रत्यक्ष वाटप दाखवू शकतो आणि प्रतिरूपणाचा अंदाज त्याच्याशी जुळवून पाहता येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील एमिली रोंकाली यांचा गट रक्तप्रवाहाच्या गणितावरून थेट किरणमात्रा काढण्याच्या पद्धतीवर काम करतो. रुग्णालयातला रोजचा निर्णय मात्र अजून अँजिओग्राफी आणि टेक्नेशियमच्या तालमीवरच होतो.