आमच्यामागें त्याचें कसें होणार?

बौद्धिक अक्षमता असलेलें अपत्य ज्या घरांत वाढतें, त्या घरच्या वडील माणसांच्या मनाला एकच प्रश्न रात्रंदिवस जाळीत असतो: आमच्यामागें त्याचें कसें होणार? आईबापांच्या डोळ्यांदेखत मूल चाळिशीस येतें, परंतु त्याचा हात धरणारें कोणी तरी लागतेंच. मग एखाद्या निवासी संस्थेचा विचार सुरू होतो. अशा वेळीं इमारत, आवार, स्वयंपाकघरांतील लखलखीत भांडीं पाहून समाधान मानण्याकडे मनाचा कल असतो. पण संस्थेची खरी पारख निराळ्याच गोष्टींवरून करावी लागते, हें विसाव्या शतकाच्या इतिहासानें फार कठोरपणें शिकविलें आहे.

न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन आयलंड या भागांत विलोब्रुक नांवाची सरकारी संस्था होती. तिची सोय सुमारें ४,००० जणांची. १९६५ च्या सुमारास तेथें ६,००० हून अधिक जीव कोंडलेले होते. त्या वर्षीं सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनीं तिला भेट देऊन जाहीर धिक्कार केला. तरीहि फारसें कांहीं बदललें नाहीं. तेथील कांहीं मुलांना तर यकृतरोगाच्या संशोधनासाठीं हेतुपुरस्सर रोगाची बाधा करण्यांत आली होती. १९७२ च्या जानेवारींत जेराल्डो रिव्हेरा या वार्ताहरानें आंतील दृश्यें दूरचित्रवाणीवर दाखविलीं: उघडीं, घाणींत पडलेलीं मुलें आणि त्यांच्यासाठीं मूठभर सेवक. त्याच वर्षीं पालक न्यायालयांत गेले. १९७५ सालीं उभयपक्षांच्या संमतीनें हुकूमनामा झाला, आणि १९८७ सालीं ती संस्था कायमची बंद झाली.

मग चांगली व्यवस्था म्हणजे काय? याचें उत्तर स्कँडिनेव्हियांत आधींच आकारास येत होतें. डेन्मार्कमधील १९५९ च्या कायद्यामागें नील्स एरिक बँक-मिकेलसन यांची दृष्टि होती. स्वीडनच्या बेंग्ट निर्ये यांनीं १९६९ सालीं तीच दृष्टि तत्त्वरूपानें मांडली. तिचें सार साधें आहे. अशा माणसाचा दिवस, आठवडा आणि वर्ष शक्य तितकें चारचौघांसारखें असावें. राहण्याची जागा एक, कामाची दुसरी. सणवार आणि सुट्टी त्यालाहि असावी. सेवक कमी आहेत एवढ्याचसाठीं प्रौढ माणसास संध्याकाळींच अंथरुणावर घालूं नये.

लहान आणि खर्चिक जागा म्हणजे चांगली जागा, असेंहि समजूं नये. इंग्लंडमध्यें ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू हें अवघ्या २४ खाटांचें खाजगी रुग्णालय होतें. माणशीं दर आठवड्यास सरासरी ३,५०० पौंड आकारले जात. २०११ सालीं बी.बी.सी. च्या छुप्या चित्रणानें तेथील मारहाण आणि छळ उघड झाला. ११ सेवकांनीं गुन्हे कबूल केले, त्यांपैकीं सहांना २०१२ सालीं तुरुंगवास झाला. एका वरिष्ठ परिचारकानें आधींच केलेल्या तक्रारीची मात्र वेळीं दखल घेतली गेली नव्हती.

म्हणून संस्था पाहावयास जाणाऱ्यानें भिंतींपेक्षां माणसें पाहावीं. काय ल्यावें, काय खावें हें राहणाऱ्यास विचारतात काय? त्याच्या स्वतःच्या वस्तु आणि त्या ठेवण्यास जागा आहे काय? सेवक वरचेवर बदलतात कीं वर्षानुवर्षें टिकतात? न कळवितां आलेल्या नातलगास थेट खोलीपर्यंत जाऊं देतात काय? बोलतां न येणाऱ्याच्या अंगावर वळ उठला, तर त्याची नोंद कोण करतो आणि ती कोण वाचतो?

भारतांत १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानें, आईबापांच्या पश्चात् अशा व्यक्तींची काळजी व संरक्षण व्हावें, हा हेतु स्पष्ट शब्दांत नोंदला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यान्वयें दिव्यांगांसाठीं संस्था चालविण्यास नोंदणी आवश्यक आहे. परंतु नोंदणीचा दाखला भिंतीवर टांगला कीं काम संपत नाहीं. ज्या दाराशीं आप्त, शेजारी आणि तपासनीस यांचीं पावलें वारंवार वाजतात, त्या दाराआड अन्याय फार काळ लपून राहूं शकत नाहीं. आईबापांच्या त्या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें अर्धेंच दिलें आहे. उरलेलें अर्धें समाजानें तेथें जात-येत राहूनच द्यावयाचें आहे.